पंगतीत कोण बसणार? ख्रिस्ती धर्म नेमका कुठून आला

हे आपल्या एपिसोडचं लेखी रूप आहे. बोलताना जिथे जिथे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आलं होतं ते बरंचसं काढलंय, सगळं नाही. तीन-चार तारखा ऑडिओत घाईत बोलून गेलो होतो, त्या इथे नीट लिहिल्यात.

सुरुवात एका फॉरवर्डपासून. बीटेकच्या दुसऱ्या वर्षी मला एक मेसेज आला होता. मजकूर असा की ख्रिस्ती धर्म म्हणजे निव्वळ कॉपी. पर्शियातला मिथ्र, इजिप्तमधला होरस, आपला कृष्ण, सगळे म्हणे २५ डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मले, सगळ्यांचे बारा शिष्य, सगळे मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठले. आता कृष्णजन्म आपण अष्टमीला करतो, श्रावणात, आणि देवकीची ती आठवी वेळ होती, एवढं तरी मला तिथेच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मी तो मेसेज हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला. माझा रूममेट वसईचा कॅथलिक. तो चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तू पौलाची पत्रं वाचलीयस का?" मी म्हटलं, "कोण पौल?"

हा एपिसोड म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी आपल्याच तोंडातले शब्द बघू. आपण 'इ.स.' लिहितो, म्हणजे इसवी सन. हा 'ईसा' अरबी-फारसीतून आला. 'नाताळ' आणि 'पाद्री' पोर्तुगीजमधून आले. 'ख्रिस्त' हा शब्द मूळचा ग्रीक. आणि 'येशू' हे नाव हिब्रू-अरामी 'येशुआ'च्या खूप जवळचं आहे. ग्रीकमध्ये 'श' हा उच्चार नव्हता आणि पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' लागायचा, म्हणून येशुआचा 'ईएसूस' झाला. तिथून लॅटिन, तिथून इंग्रजी 'जीझस'. म्हणजे वसईची आजी 'येशू' म्हणते तेव्हा ती न्यूयॉर्कच्या पाद्रीपेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ असते. एका धर्माच्या चार शब्दांत इतक्या भाषा सापडतात, तर त्याचं 'मूळ' एका ठिकाणी शोधायला जाणं थोडं अवघडच आहे.

तरी एक जागा पक्की आहे. गालील. आजच्या इस्रायलचा उत्तर भाग, तेव्हा रोमच्या मर्जीतल्या हेरोद घराण्याच्या ताब्यात. येशू तिथला यहुदी. आई यहुदी, शिष्य यहुदी, शब्बाथ पाळणारा, सणाला यरुशलेमच्या मंदिरात जाणारा. बोलीभाषा अरामी. त्याने नवा धर्म काढला असं त्याच्या आसपासच्या कुणालाही वाटलं नसतं. 'देवाचं राज्य जवळ आलंय, बदला' असं सांगणारे आणखीही लोक त्या काळात होते, बाप्तिस्मा करणारा योहान त्यांपैकीच. इ.स. ३०च्या आसपास रोमन सुभेदार पंतय पिलात याने येशूला वधस्तंभावर मारलं. पिलात २६ ते ३६ या काळात यहुदीयात होता. ही शिक्षा रोमन होती, बंडखोरांसाठी आणि गुलामांसाठीची. ही घटना ख्रिस्ती नसलेल्या रोमन इतिहासकारानेही नोंदवलीय: टॅसिटस, इ.स. ११५च्या सुमाराला. त्याला हे लोक अजिबात आवडत नव्हते, म्हणून त्याची साक्ष जास्त उपयोगाची.

आता मागे जाऊ. येशूला लोक 'मशीहा' म्हणू लागले. मशीहा म्हणजे अभिषिक्त, ज्याच्या डोक्यावर तेल ओतलंय तो. राज्याभिषेक आपल्याला समजवायची गरज नाही. त्याचंच ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस'. म्हणजे 'ख्रिस्त' हे आडनाव नाही, पदवी आहे. आणि गंमत बघा, हिब्रू धर्मग्रंथात यशयाच्या पुस्तकात ही पदवी एका परक्या राजाला दिलीय. इराणचा सायरस. बॅबिलोनी लोकांनी इ.स.पू. ५८६च्या सुमाराला यरुशलेम पाडलं, लोकांना पकडून नेलं. सायरसने ५३९मध्ये बॅबिलोन जिंकलं आणि या लोकांना परत जाऊ दिलं. पुढची दोनशे वर्षं यहुदी इराणी साम्राज्यात राहिले.

याच काळात आणि यानंतर यहुदी लिखाणात काही गोष्टी ठळक होत जातात: सैतान नावाचा विरोधक, देवदूतांची फौज, जगाचा शेवट, मेलेल्यांचं उठणं. जुन्या हिब्रू लेखनात मेलेला माणूस 'शिओल' नावाच्या अंधाऱ्या जागी जातो, एवढंच. मेलेले पुन्हा उठतील आणि त्यांचा न्याय होईल हे स्पष्टपणे दिसतं ते दानिएलच्या पुस्तकात, जे अभ्यासक इ.स.पू. १६५च्या आसपासचं मानतात. आपल्याकडच्या पारशी लोकांच्या धर्मात हे सगळं आहेच. मग हे इराणमधून 'घेतलं' का? काही प्रमाणात असर असणार, असं बरेच अभ्यासक म्हणतात. पण दानिएलचं पुस्तक एका भयंकर छळाच्या मध्यावर लिहिलं गेलं, आणि देवासाठी मेलेल्या पोरांचं पुढे काय, हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. बाहेरून आलेलं उत्तर आपल्याच प्रश्नावर बसलं तर त्याला कॉपी म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. मला तो शब्द तोकडा वाटतो.

तो छळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अलेक्झांडरनंतर त्या भागावर सेल्युकस घराण्याचं ग्रीक राज्य आलं. त्यातल्या चौथ्या अँटिओकसने इ.स.पू. १६७मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली, सुंता करायला बंदी घातली. डुकराचं मांस खायला नकार दिला म्हणून लोक मेल्याच्या कथा यहुदी ग्रंथांत आहेत. म्हणजे 'आम्ही काय खातो' हा त्या लोकांसाठी नुसता आवडीनिवडीचा विषय राहिला नव्हता.

पण ग्रीक फक्त तलवार घेऊन आले नव्हते, भाषाही घेऊन आले. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात इतके ग्रीक बोलणारे यहुदी होते की त्यांना स्वतःचा धर्मग्रंथ हिब्रूतून कळेना. म्हणून इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून त्याचं ग्रीक भाषांतर होत गेलं, ज्याला 'सेप्टुआजिंट' म्हणतात. या भाषांतराशिवाय ख्रिस्ती धर्म पसरला नसता, हे माझं मत म्हणून लिहून ठेवा. भाषांतर म्हटलं की अर्थ थोडे सरकतात. यशयात एक हिब्रू शब्द आहे, 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' आलं, ज्याचा अर्थ लोक साधारणपणे कुमारी असा घेतात. पुढे मत्तयाने आपलं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं तेव्हा त्याने हाच ग्रीक पाठ वापरला. या एका शब्दावर यहुदी आणि ख्रिस्ती विद्वान दुसऱ्या शतकापासून भांडतायत.

आता मुख्य गोष्ट. मला सगळ्यात जास्त हीच सांगायचीय.

शहर: अंत्युखिया. आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या, जे २०२३च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. इ.स.पू. ३००मध्ये पहिल्या सेल्युकसने वसवलेलं. रोमन साम्राज्यातलं हे सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक, तिथे यहुद्यांची मोठी वस्ती. त्यांच्या सभास्थानांत परके लोकही येऊन बसायचे. ग्रीक, सिरियन. त्यांना एकच देव ही कल्पना आवडायची, नीतिनियम आवडायचे, पण पूर्ण यहुदी व्हायचं तर पुरुषाला सुंता करावी लागे. मोठ्या वयात, भूल न देता. त्यामुळे बरेच जण उंबरठ्यावरच थांबायचे.

येशूचे अनुयायी या शहरात आले आणि त्यांनी या परक्यांना थेट आत घेतलं. 'ख्रिस्ती' हे नाव याच शहरात पहिल्यांदा पडलं, असं 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. आत घेणं म्हणजे काय? एकत्र जेवणं. या लोकांची मुख्य उपासनाच जेवण होती, भाकर मोडायची आणि वाटायची. आणि जेवण म्हटलं की प्रश्न आला: ताटात काय? बाजारातलं मांस अनेकदा देवळातल्या बळीचं असायचं. द्राक्षारस देवाला अर्पण केलेला असू शकायचा. आणि शेजारी सुंता न झालेला माणूस बसलाय.

पंगत कशी असते हे मराठी माणसाला शिकवायला नको. कोण कुठे बसतो, कोणाच्या हातचं कोण खातो, यावर आपल्याकडे गावं दुभंगलीत. पण ही तुलना अर्धीच लागू होते, हेही सांगतो. यहुदी नियम जन्माने कुणाला नीच ठरवत नव्हते. ते एका चिरडल्या गेलेल्या छोट्या समाजाचे स्वतःला टिकवून ठेवायचे नियम होते. ज्या राजघराण्याने सुंतेवर बंदी आणली त्याच घराण्याच्या शहरात बसून 'आता सुंता सोडा' असं ऐकणं किती लागलं असेल, विचार करा.

पेत्र, म्हणजे येशूचा सगळ्यात जवळचा शिष्य, अंत्युखियाला आला आणि या परक्यांबरोबर बसून जेवू लागला. सगळं ठीक होतं. मग यरुशलेमहून काही माणसं आली. यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख तेव्हा याकोब होता, येशूचा भाऊ. ही माणसं त्याच्याकडची. ती आल्यावर पेत्र हळूच त्या टेबलावरून उठू लागला, वेगळा बसू लागला. बाकीचे यहुदी अनुयायीही उठले. बर्णबासुद्धा, जो पौलाचा जुना सोबती. आणि पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं.

हे आपल्याला कळतं कसं? पौलाने स्वतः लिहिलंय, गलतीकरांना पाठवलेल्या पत्रात, घटनेनंतर फार तर काही वर्षांत. पौलाची पत्रं ही ख्रिस्ती धर्माचा सगळ्यात जुना लेखी पुरावा. त्यातलं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. ५०चं. येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं त्यानंतरची: मार्क ७०च्या आसपास, योहान शतकाच्या शेवटी शेवटी. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे म्हणजे डॉक्युमेंटेशन नंतर आलं आणि आधी उरलाय तो डेव्हलपर लोकांचा आपसातला भांडणाचा ईमेल थ्रेड. मला तरी असा थ्रेड जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात कुणी स्वतःला चांगलं दाखवायला बसलेलं नसतं. बरं, पौल बसलाय थोडा. तो एकाच बाजूचं सांगतो. पण पेत्राने चूक मान्य केली असं तो कुठेही लिहीत नाही. केली असती तर पौल ते लिहिल्याशिवाय राहिला असता का? त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की त्या दिवशी वाद पौल हरला.

पौल स्वतः परूशी पंथाचा यहुदी होता, आधी याच अनुयायांचा छळ करणारा. त्याने आयुष्यात एक दिवसही स्वतःला 'धर्म सोडलेला' मानलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की परक्यांना यहुदी न करता आत घ्यायचं आणि एका टेबलावर बसवायचं. करिंथ शहरात मात्र त्याच्याच मंडळीने वेगळी पंगत मांडली. तिथे श्रीमंत आधी येऊन जेवून घ्यायचे, कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. पौल पत्रात त्यांनाही झापतो. म्हणजे सुंतेचा भेद गेला की ऐपतीचा आला.

इथे एक कबुली. त्याच दुसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीनंतर माझ्या रूममेटने घरून डबा आणला होता, फुगे आणि चिकन. रूममध्ये आम्ही पाच जण. दोघे म्हणाले, "आम्ही खाऊन आलोय." खाऊन वगैरे आलो नव्हतो. त्यातला एक मी. घरी कळलं तर काय, एवढंच डोक्यात होतं. ते पत्र पहिल्यांदा वाचताना मला पेत्राचा राग आला नाही, त्याची हालचाल ओळखीची वाटली. कुणी काही बोलत नाही, फक्त थोडं सरकून बसतं.

पुढचं भराभर सांगतो. पौलाने ग्रीस-तुर्कस्तानातल्या मंडळींकडून यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले. एका अर्थाने तुटत चाललेली पंगत जोडायचा तो प्रयत्न होता. ते घेऊन तो यरुशलेमला गेला आणि तिथेच पकडला गेला. ६२मध्ये याकोबाला मारण्यात आलं. याची नोंद यहुदी इतिहासकार जोसेफसकडे आहे. ६६मध्ये यहुद्यांचं रोमविरुद्ध बंड झालं आणि ७०मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेमचं मंदिर जाळलं. मंदिरातला सात फांद्यांचा दीपस्तंभ रोमन सैनिक खांद्यावर मिरवत नेतायत, हे शिल्प रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही दिसतं.

याकोबाची बाजू वादात हरली नाही. ती युद्धात भरडली गेली. यरुशलेमचं केंद्रच उरलं नाही, आणि उरली ती ग्रीक बोलणारी, बहुतेक परक्यांची मंडळी. त्यात रोमने सगळ्या यहुद्यांवर खास कर बसवला, त्यामुळे 'आम्ही ते नव्हे' असं म्हणण्यात फायदा दिसू लागला. शुभवर्तमानं याच धामधुमीत लिहिली गेली, आणि त्यांत 'यहुदी' हा शब्द हळूहळू विरोधकांसारखा येऊ लागतो. घरातल्या भांडणात बोललेली वाक्यं, नंतर घराबाहेरच्यांच्या हातात गेली. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांकडे सत्ता आली तेव्हा त्या वाक्यांचं काय झालं, युरोपातल्या यहुद्यांनी त्याची काय किंमत दिली, हे आपण जाणतो. कॅथलिक चर्चने 'येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकू नये' असं अधिकृतपणे म्हटलं ते १९६५मध्ये. 'मूळ काय' हा प्रश्न मला याचसाठी महत्त्वाचा वाटतो. तो यहुदी होता हे विसरलं गेलं, म्हणून हे शक्य झालं.

आता फॉरवर्डचा हिशोब. मिथ्र: रोमन शिल्पांत तो खडकातून जन्मतो, कुमारिका वगैरे नाही. त्याच्याभोवती कधीकधी बारा आकृत्या दिसतात, त्या राशी आहेत. शिवाय त्या रोमन पंथाचे पुरावे पहिल्या शतकाच्या शेवटापासून मिळतात, म्हणजे पौल जाऊन काही दशकं झाल्यावर. २५ डिसेंबर: बायबलमध्ये जन्मतारीखच नाही. रोममधल्या इ.स. ३५४च्या एका पंचांगवजा संग्रहात ही तारीख येशूच्या जन्माची म्हणूनही आहे आणि अजिंक्य सूर्याच्या उत्सवाची म्हणूनही. सूर्याचा सण बघून ठरवली की गर्भधारणा २५ मार्चला धरून नऊ महिने मोजले, यावर दोन्ही बाजूंचे अभ्यासक आहेत. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीच पाळतं. आणि 'निकायाच्या परिषदेत बायबल ठरवलं': नाही. ३२५मध्ये तिथे वाद होता पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला, यावर. जो शब्द जिंकला, 'होमोऊसिऑस', तो बायबलमधला नाही, ग्रीक तत्त्वज्ञानाच्या शब्दसंग्रहातला आहे. खरं 'बाहेरचं' शोधायचंच असेल तर ते इथे शोधा. फॉरवर्डवाले नेमके इथे फिरकत नाहीत, कारण त्याला वाचावं लागतं.

एक गोष्ट राहिली. ही सगळी कथा पश्चिमेकडे जाणारी वाटते, पण एक फांदी पूर्वेला गेली. आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा, तेव्हाचं एडेसा, तिथून इराण, आणि समुद्रमार्गे केरळ. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांची उपासनेची जुनी भाषा सिरियाक. ती अरामीचीच एक बोली, म्हणजे येशूच्या मातृभाषेची बहीण. तिथल्या जुन्या दगडी क्रुसांवर पहलवी लिपीतले लेख आहेत, इराणी लिपी. लंडनमध्ये इंग्रजीत प्रार्थना सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. त्यामुळे 'ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला' हे वाक्य निदान केरळात म्हणू नका.

आपल्या भाषेत हे भाषांतराचं काम थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटने गोव्यात केलं. १६१६चं 'क्रिस्तपुराण', मराठीत, ओवी छंदात, दहा हजारांहून जास्त ओव्या. अलेक्झांड्रियाच्या भाषांतरकारांसमोर जो प्रश्न होता तोच त्याच्यासमोर: हिब्रूतल्या गोष्टीला कोणता शब्द घ्यायचा? त्याने पुराणाचा घाट घेतला. त्यावर वेगळा एपिसोड करायचाय, कारण त्यात गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेचं आणि सक्तीचंही बोलावं लागेल, ते घाईत उरकायचं नाही.

ज्यांना मूळ वाचायचंय त्यांनी गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय काढा. लोकलमध्ये दोन स्टेशनांत वाचून होतो. मराठी सोपं हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' बघा, मी तेच वाचलं. प्रत रूममेटची आहे. अजून परत केलेली नाही, आणि तो हा पॉडकास्ट ऐकतो, त्यामुळे आता द्यावी लागणार.